गोडाची प्रतवारी

माइक जरा खाली घेतो. मागे ऐकू येतंय ना? ठीक.

आजचा विषय आहे गोड पेय कसं चाखायचं आणि त्याची प्रत कशी ठरवायची. निमित्त आहे एका जपानी सायडरचं. जपानात सफरचंदाचा रस आंबवून केलेली ही गोड, हलकी, फसफसणारी वारुणी. आता वर्धा जिल्ह्यात, जिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, तिथे येऊन हे का सांगायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. आधीच सांगतो, टेबलावर जो तांब्या आहे त्यात पाणीच आहे. सायडर आम्ही चौघांनी जिल्ह्याबाहेर चाखली. आज फक्त बोलणार आहोत. आणि दारूबंदी असावी की नसावी हाही आजचा विषय नाही. ती मागण्यामागे या भागातल्या बायकांचं दुःख आहे, त्याला आम्ही हलक्यात घेत नाही.

आमचा मुद्दा वेगळा आहे. गोड पेय चाखून त्याबद्दल चार नेमके शब्द बोलायची सवय आपल्याकडे उरलेली नाही. आणि ती नसल्यामुळे एका चांगल्या पेयाचं, आपल्याच मातीतल्या पेयाचं, मोठं नुकसान झालं आहे. ते पेय म्हणजे नीरा. सायडरकडून आपण नीरेकडे येणार आहोत.

हिंगणघाटात हे बोलायला सोपं जातं, कारण प्रतवारी म्हणजे काय हे इथे समजावून सांगावं लागत नाही. बाजार समितीत कापसाची गाडी उभी राहिली की काय होतं? व्यापारी मूठभर कापूस उचलतो. बोटांनी सरकीपासून थोडी रुई वेगळी करतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, धागा किती लांब निघतो, कसा तुटतो ते बघतो. कवडी किती, पानाचा कचरा किती ते बघतो. ओलावा बघतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. हे सगळं मिनिटभरात होतं आणि त्या मिनिटावर वर्षभराच्या पऱ्हाटीचा भाव ठरतो.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, 'कापूस चांगला आहे' एवढं कोणी म्हणत नाही. लांबी, मजबुती, ओल, कचरा, रंग, प्रत्येकाचं वेगळं मोजमाप असतं. दुसरी, ज्याच्याकडे ही भाषा असते त्याच्या हातात भाव असतो. शेतकऱ्याला आपल्या मालाचा धागा सांगता येत नसेल तर समोरचा सांगेल तो धागा.

आणि या गावाला नावाची गोष्टही माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नुसतं गावाचं नाव नव्हतं, कापसाच्या बाजारात ते एका प्रतीचं नाव होतं. नाव मोठं झालं की त्या नावाखाली दुसरा माल खपवायचा मोह होतो. म्हणून पारखणारा गाठीवरचं नाव वाचतो खरा, पण हात आत घालून रुई काढतो.

हीच रीत पेयाला लावू. आधी नाव बघू, मग हात आत घालू.

'सायडर' हा शब्द इंग्लंड-फ्रान्सकडे आंबवलेल्या सफरचंदाच्या रसासाठी आहे. जपानात मात्र दुकानात जाऊन 'साइदा' मागितलं तर दारू मिळत नाही. गोड सोडा मिळतो, आपल्या गोटी सोड्याच्या नात्यातला. 'मित्सुया सायडर' हे त्यातलं सगळ्यांत जुनं, घरोघरी माहीत असलेलं नाव, त्याची मुळं १८८४ पर्यंत जातात. एकोणिसाव्या शतकात परदेशी लोकांबरोबर शब्द जपानात आला आणि तिथे सोड्याला चिकटला. पुढे खरी आंबवलेली सायडर करायची वेळ आली तेव्हा जुना शब्द आधीच दिलेला होता. मग त्यांनी फ्रेंचांकडून दुसरा शब्द घेतला, 'शिदोरु'. मराठी माणसाला ऐकताना शिदोरी आठवते, पण तसा काही संबंध नाही. आता गंमत बघा. एकच मूळ शब्द, पण एक रूप लहान मुलाला चालतं आणि दुसरं दारूच्या कायद्यात येतं. तिथल्या कायद्यात रेघ १ टक्का मद्यार्कावर आहे.

असंच एक नाव 'निक्का'. जगभर व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी मासाताका ताकेत्सुरु यांनी १९३४ साली होक्काइदो बेटावरच्या योइची गावात काढली. व्हिस्की लाकडी पिपात मुरायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय? तर सफरचंदाचा रस विकला. कंपनीचं मूळ नावच मुळी 'महान जपान फळरस कंपनी' अशा अर्थाचं होतं आणि त्या लांबलचक नावातली अक्षरं उचलून 'निक्का' झालं. म्हणजे व्हिस्कीच्या बाटलीवरच्या नावात रसाचा पेला लपलेला आहे.

नावाचं एवढं पुरे. आता बाटली.

आम्ही चाखली ती आओमोरी प्रांतातल्या एका छोट्या उत्पादकाची. आओमोरी म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचं उत्तर टोक. देशातली निम्म्याहून जास्त सफरचंदं तिथली. आपल्याकडच्या फळवाल्याकडे 'फुजी' म्हणून जे सफरचंद मिळतं त्याचा जन्म त्याच प्रांतातल्या फुजिसाकी गावातला. तिथल्या संशोधन केंद्रात १९३९ साली दोन अमेरिकन जातींचा संकर केला, १९६२ साली नाव दिलं. बाटलीवर लिहिलं होतं, गोड, मद्यार्क ३ टक्के, सफरचंदं फुजी आणि कोग्योकु. कोग्योकु ही आंबट जात, बाहेर 'जोनाथन' म्हणून ओळखतात.

गोड सायडर गोड का राहते हे आधी समजून घेऊ. यीस्ट साखर खातं, तिचा मद्यार्क आणि वायू करतं. त्याला मोकळं सोडलं तर ते जवळपास सगळी साखर संपवतं आणि सायडर कोरडी होते. गोड ठेवायची तर दोन वाटा आहेत. एक, मधेच थांबवायचं, थंड करून, गाळून किंवा तापवून. दुसरी, पूर्ण आंबू द्यायचं आणि शेवटी रस किंवा साखर घालायची. म्हणून गोड सायडर हातात आली की पहिला प्रश्न असा की हा गोडवा फळातून उरलेला आहे की वरून आलेला? तोंडाला ते बऱ्याचदा कळतं. उरलेला गोडवा फळाच्या वासाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. वरून घातलेला गोडवा वास संपल्यावरही एकटाच जिभेवर बसून राहतो.

आता आमची नोंद. रंग फिकट पिवळा, करडईच्या तेलाहूनही फिकट, पेल्याच्या तळापर्यंत स्वच्छ. बुडबुडे बारीक, खालून सरळ रेषेत वर येणारे. वास आधी नुकत्याच कापलेल्या सफरचंदाचा, मग पेरचा, आणि पेला थोडा फिरवल्यावर पिकल्या केळ्याच्या सालीचा. तो यीस्टचा. तोंडात पहिला गोड. लगेच जिभेच्या कडांना आंबट, ते कोग्योकुचं काम. मग वायूची चुणचुण. इथपर्यंत छान. पण त्यानंतर, म्हणजे घोट तोंडाच्या मध्यावर असताना, तिथे काहीच नाही. पोकळ. आणि गिळल्यावर चव लवकर संपते. चिकटपणा मागे राहत नाही, हे मात्र कौतुकाचं.

ती पोकळी का? तुरटपणा नाही म्हणून. इंग्लंडात आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीत सायडरसाठी जी सफरचंदं लावतात ती खायच्या कामाची नसतात. लहान, कडवट, तोंड ओढणारी. टेंभरू अर्धवट पिकलेलं असताना तोंडात टाकलं तर जे होतं ते. तो तुरटपणा गोडाला खालून धरतो. जपानी सायडर बहुतेक खायच्या सफरचंदांची असते. ती सफरचंदं पिढ्यान्‌पिढ्या गोड, रसाळ, देखणी व्हावीत म्हणून निवडलेली. त्यामुळे सायडर स्वच्छ होते, सुबक होते, पण तिला टेकायला भिंत नसते.

मग आम्ही पेले अर्धा तास बाहेर ठेवले. गारवा उतरला, वायू उडाला, आणि ती सायडर गोडमिट्ट झाली. यात नवल नाही. गारव्यात जिभेला गोड कमी लागतं. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघा, तेच आइस्क्रीम, पण किती गोड लागतं. म्हणून आमचा एक नियम आहे. गोड पेय गार असताना आवडून घ्यावं, पण त्याची प्रत ठरवायची ती गारवा उतरल्यावर. गारवा आणि बुडबुडे हे दोघे दुबळ्या पेयाचे वकील आहेत. ते उठून गेल्यावर पेय स्वतः काय बोलतं ते ऐकायचं.

आमचा निकाल. नीट केलेली, प्रामाणिक सायडर. फळ ओळखू येतं, वरून साखर घातल्याचं जाणवत नाही. आंबटाने गोडाला निम्म्या वाटेपर्यंत सांभाळलं, पुढे सोडून दिलं. चांगली आहे, थोर नाही. आणि हे सांगताना एक गोष्ट बजावून सांगतो. ती गोड आहे म्हणून कमी प्रतीची, असं आम्ही म्हणत नाही. वारुणीच्या जाणकारांत असा एक अहंकार आहे की गोड ते नवशिक्यांचं आणि कोरडं ते कळणाऱ्यांचं. श्रीखंड खाणाऱ्या लोकांनी हे ऐकून घेऊ नये. चांगल्या श्रीखंडात चक्क्याचा आंबटपणा साखरेशी झोंबत असतो, म्हणून तर दुसरी वाटी जाते.

तर या सायडरने आम्हाला तीन प्रश्न दिले. गोडवा आला कुठून? त्याला धरून ठेवणारं काय आहे? आणि तो जाताना कसा जातो? हे प्रश्न घेऊन आता नीरेकडे येऊ.

आपल्या नाल्यांच्या काठाला, धुऱ्यांवर शिंदीची झाडं दिसतात. खजुराची रानटी बहीण. ताडाचा रस फुलोऱ्याच्या दांड्यातून काढतात. शिंदीचं तसं नाही, तिच्या शेंड्याखाली खोडाची साल तासून, तिथे छेद देऊन रस काढतात. थंडीच्या महिन्यांत, संध्याकाळी छेद, रात्रभर थेंब थेंब, आणि सूर्य उगवायच्या आत मडकं खाली. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, कारण रसाला आंबायची घाई असते. ऊन वर आलं की काही तासांत फेस धरतो, आंबूस वास येतो, आणि नीरेची ताडी होते. झाड एक, छेद एक, मडकं एक. पहाटे एक पेय आणि दुपारी दुसरं.

सायडरच्या शब्दाला जपानात जी फूट पडली ती इथे रसालाच पडते, घड्याळाप्रमाणे. कायद्यानेही ती मानली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात नीरेची वेगळी व्याख्या आहे, न आंबलेला रस. पण आपल्या बोलण्याने ती फूट मानली नाही. आपल्या बोलीत 'शिंदी' म्हणजे झाडही आणि दारूही. 'शिंदी पिऊन पडला' एवढंच आपल्या कानावर. पहाटेच्या पेयाला दुपारच्या पेयाची बदनामी चिकटली.

आणि हे कुठे घडावं? याच जिल्ह्यात. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा तिथे काम बघत. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला गेले, तेच पुढचं सेवाग्राम. दारूला कडाडून विरोध करणाऱ्या त्या माणसाने ताड-शिंदी तोडून टाका असं म्हटलं नाही. नीरा प्या, गूळ करा, असं म्हटलं. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामाला वाहून घेतलं. हिशोब साधा होता. नीरेत साधारण १० ते १२ टक्के साखर असते, म्हणजे १०० लिटर आटवले की १० किलोच्या आसपास गूळ. शेताची जमीन न अडवता, बांधावरच्या झाडातून. आणि रस काढणाऱ्याला, ज्याचा धंदा दारूबंदीने बुडणार, त्याला तेच कसब वापरून पोट भरता यावं.

कल्पना उत्तम होती. मग आपल्याकडे नीरा घरोघरी का रुजली नाही? कारणं पुष्कळ सांगता येतील. रस टिकत नाही, परवाने लागतात, झाडावर चढणारे हात कमी झाले. ही सगळी खरी आहेत. पण आम्हाला चवीच्या बाजूने एक कारण दिसतं, ते फारसं बोललं जात नाही.

बंगालात बघा. हेच झाड, आपलीच शिंदी. तिकडे थंडी सुरू झाली की लोक तिच्या गुळाची वाट बघतात. 'नोलेन गूळ' म्हणजे नव्या हंगामाचा. पातळ तो 'झोला', घट्ट वड्यांचा तो 'पाटाली'. झाडाला काही दिवस विसावा दिल्यावर पहिल्या रात्री येणारा रस वेगळा, त्याचा मान वेगळा, त्याला नावही वेगळं. संदेश करणारा हलवाई गूळ कोणता वापरला ते अभिमानाने सांगतो. तिथेही रस टिकत नाही, तिथेही झाडावर चढावंच लागतं. पण तिथे गिऱ्हाइकाकडे शब्द आहेत. शब्द आहेत म्हणून प्रती आहेत, प्रती आहेत म्हणून चांगल्या मालाला चार पैसे जास्त आहेत.

आपण काय केलं? नीरेला औषध केलं. नीरेच्या विक्रीजवळचा फलक आठवून बघा. जीवनसत्त्वं, लोह, उष्णतेवर गुणकारी, पोटाला थंड. आरोग्याची यादी. चवीबद्दल एक शब्द नाही. हेतू समजण्यासारखा आहे. दारूच्या संशयातून सोडवायचं होतं म्हणून तिला दवाखान्यात नेऊन ठेवलं. पण औषधाची प्रत चवीवर कोणी ठरवत नाही. नाक दाबून घेतलं तरी ते औषधच. मग पेल्यात पहाटेचा शुद्ध रस आहे की पाणी-साखर घालून वाढवलेला, हे विचारायचं कोणी? पाणी मिसळणाऱ्याचा आणि न मिसळणाऱ्याचा पेला एकाच भावाने जातो. अशा बाजारात प्रामाणिक माणूस किती दिवस टिकणार?

आम्ही चौघांनी दोन ठिकाणची नीरा तीच रीत लावून चाखली. पहिली, थंडीत, झाडाखालीच, उजाडायच्या आत. शिंदीची. रंग जवळजवळ पाण्याचा, किंचित धुवट. वास ओल्या भुईमुगाच्या शेंगेचा, मागे थोडा धुराचा, कारण मडकं शेकलेलं होतं. तोंडात गोड, पण उसाच्या रसासारखा अंगावर येणारा नाही. मग मधे एक बारीक खारटपणा आणि मातीची चव. शेवटी टाळूला चुन्याची कोरड, अगदी पुसट. मग आम्ही तिला गारवा उतरण्याची परीक्षा दिली. सूर्य येईपर्यंतच, त्यापुढे ती नीरा राहिली नसती. ती पडली नाही. थोडी अधिक गोड झाली, शेंगेचा वास अधिक मोकळा झाला.

दुसरी, शहरातल्या एका विक्री केंद्रावरची, बर्फगार. ते केंद्र कोणतं हे महत्त्वाचं नाही. रंग स्वच्छ, वास नाही. गोड, आणि पुन्हा गोड. खारट नाही, माती नाही. पेला खाली ठेवल्यावर दहा मिनिटांनी जीभ चिकट. तिला पहिला प्रश्न विचारला, गोडवा कुठून आला, तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सायडरची प्रतवारी उचलून नीरेला लावता येणार नाही. सायडरमध्ये गोडाला आंबट आणि तुरट धरतात. नीरेत आंबट आलं की ती बिघडली. मग नीरेत गोडाला धरणारं काय? ते बारीक खारट, ती माती, तो शेंगेचा वास. ते नसलं की उरतं साखरपाणी. प्रत्येक गोडाचा आधार वेगळा असतो. संत्र्यात आंबटाबरोबर सालीचा कडवटपणा असतो. मोहफुलात तो उग्र, नाकात शिरणारा वास असतो. म्हणजे प्रश्न तेच तीन, उत्तरं ज्या त्या पेयाची.

आपल्याकडे शब्दांची तूट आहे असंही नाही. गोडसर, गुळचट, मधाळ, गोडमिट्ट, पाणचट, सपक, मिळमिळीत, मचूळ, तुरट, आंबूस, कडवट, धुरकट. मोजा किती झाले. आजी वरणाबद्दल बोलताना यातले सहा सहज वापरते. बाटलीतल्या पेयापाशी आल्यावर मात्र आपण 'मस्त' आणि 'बेकार' या दोनच शब्दांवर येतो. वारुणीची परीक्षणं वाचली तर तिथे गूझबेरी असते, ब्रिओश नावाचा पाव असतो. आपण ती फळं कधी बघितली नाहीत, ती नावं पाठ करून काय करायचं? बोर आहे, टेंभरू आहे, चारोळीचं चार आहे. त्यांच्याशी ताडून सांगा. समोरच्याला कळेल.

आणि हे फक्त नीरेपुरतं नाही. आपण संत्र्याच्या मुलखात बसलोय. दुकानातली संत्र्याच्या चित्राची बाटली घ्या आणि मागचं बारीक लिहिलेलं वाचा. आपल्या अन्न-नियमांप्रमाणे 'फळपेय' म्हणवून घ्यायला रस १० टक्के असला तरी पुरतो. लिंबाला तर ५ टक्के. उरलेलं पाणी, साखर, आम्ल आणि वास. बाटलीवर जे लिहिलंय ते खरंच असतं. पण ती बाटली आणि कष्टाने काढलेला रस, दोन्ही पोराच्या जिभेला सारखेच लागत असतील तर बागाईतदाराने चांगलं फळ पिकवायचं कशासाठी? एकदा उन्हाळ्यात दोन्ही पेले बर्फाशिवाय पोरांसमोर ठेवा. काही सांगू नका. त्यांना फक्त विचारा, यात साल कुठे आहे? बरोबर ओळखतात.

आता एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गरीब माणसाच्या पेयाला कसली आली प्रतवारी? प्रतवारी आली की भाव वाढणार, मग ते मॉलमध्ये जाणार आणि गावाला मिळणार नाही. हा धोका आहेच. परदेशात जे 'हातचं', 'छोट्या उत्पादकाचं' म्हणून विकलं जातं त्यात ही लबाडी पुष्कळ असते. पेयापेक्षा बाटलीवरच्या गोष्टीचे पैसे जास्त. पण आपल्या बाजार समितीत काय चालतं ते आठवा. प्रतवारी बंद केली म्हणून शेतकऱ्याला भाव जास्त मिळाला असं कधी झालंय? उलट प्रतवारी फक्त घेणाऱ्याच्या हातात राहिली की देणारा मरतो. ती देणाऱ्याच्याही तोंडी असली पाहिजे. शिंदीवर चढणाऱ्या माणसाला आपला रस कोणत्या प्रतीचा हे सांगता यावं आणि पिणाऱ्याला ते पटावं, एवढंच आमचं म्हणणं. परीक्षण म्हणजे खोड काढणं असं आपण समजतो. नीट केलेलं परीक्षण चांगलं काम करणाऱ्याच्या बाजूने दिलेली साक्ष असते.

वेळ संपत आलीय. एखादा प्रश्न घेऊ. हं, मागे ते काका.

(श्रोत्यांतून प्रश्न: नीरेच्या नावाखाली पुन्हा ताडी सुरू होईल, ही भीती नाही का?)

चांगला प्रश्न आहे, आणि आजच्या विषयाच्या गाभ्यातला आहे. भीती आहे. पण विचार करा, ती ओळखणार कोण? परवाना कागदावर असतो. पोलीस दिवसभर मडक्यापाशी बसणार नाही. नीरा केव्हा उतरायला लागली हे सगळ्यांत आधी कळतं ते नाकाला. फेस दिसायच्या आधी वास बदलतो, शेंगेचा वास जातो आणि पिठाच्या आंबवणाचा येतो. खारट चव आधी हरवते, मग जिभेच्या कडेला आंबट टोचतं. ज्या गावात पन्नास बायकांना आणि पोरांना हे ओळखता येतं, त्या गावात नीरेच्या नावाने ताडी विकणं अवघड आहे. ज्यांना फक्त 'गोड' एवढंच कळतं त्यांना काहीही विकता येतं. तेव्हा चाखायची शिस्त ही दारूबंदीच्या विरोधात नाही, तिच्या कामाचीच आहे.

हां, ताई, तुमचं?

(श्रोत्यांतून प्रश्न: मग घरी सुरुवात कशापासून करायची?)

उसाच्या रसापासून करा. तो सगळीकडे मिळतो. बर्फ नको, लिंबू नको, आलं नको म्हणून सांगा. तो जरा रागावेल, पण देईल. आधी वास घ्या, मग एक घोट तोंडात धरा, दहा आकडे मोजा. कुठे गोड लागतं, मागे गवताची चव येते का, शेवटी खारट काही राहतं का, ते आपल्या शब्दांत वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीवर जा. आठवड्याभरात तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला आवडणारी गाडी कोणती आणि का. ते 'का' एकदा सांगता आलं की पुढचं आपोआप जमतं. आणि रसवाल्यालाही सांगा. तुमचा ऊस आज चांगला आहे, मागे चव राहते, असं त्याला बहुतेक कोणी कधी सांगितलेलं नसतं.